खिरणीवरचा चिकू

बाळांनो, फोटोतलं ते झाड चिकूचं ना, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तुमच्या वडिलांनी तसं सांगितलंय म्हणे. साफ चूक. ती चूक मी या घरात इतकी वर्षं दुरुस्त करते आहे आणि कोणी ऐकत नाही, म्हणून आता लिहूनच ठेवते. मराठी अडलं तर वडिलांकडूनच वाचून घ्या, त्यांनाही कळेल.

ते झाड खिरणीचं आहे. खिरणी म्हणजे रानातलं, बोटाच्या पेराएवढं पिवळं फळ. खाल्लं की चिकानं ओठ चिकटतात. माझ्या लहानपणी बाबा दर उन्हाळ्यात हैदराबादेतल्या कोठीच्या बाजारातून पानाच्या द्रोणात खिरण्या आणत. त्यातली एक बी मी काचीगुड्याच्या आमच्या घरामागे पुरली. खिरणी फार सावकाश वाढते. पाच वर्षांत रोप जेमतेम माझ्या कमरेला लागलं. पहिलं फळ मीच खाणार, हे मी घरभर सांगून ठेवलं होतं.

मग पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद संस्थान भारतात आलं. बाबांच्या कचेरीत उर्दूच्या जागी इंग्रजी आली आणि बाहेरगावचे साहेब आले. त्यातले एक आमच्याकडे चहाला आले आणि रोप पाहून म्हणाले, खिरणीच्या खुंटावर चिकूचं कलम छान धरतं. पुढच्याच आठवड्यात बाबांनी माळी बोलावला.

"बाबा, खिरणी माझी आहे!"

"साहेबांना काय रानातली फळं देऊ?"

"तुम्हीच तर आणायचात!"

माळी हसला. "जड़ तो तेरीच है बेटी, सिर्फ ऊपर का बदलना है."

चिकू आले. साहेबांकडे टोपलीभर गेले. कलमाच्या जोडाखालून फुटणारे खिरणीचे कोंब दर रविवारी खुडायचं काम बाबांनी मलाच दिलं, कारण घरात शिस्तीची मी. सहा वर्षं मी माझंच झाड खुडलं. अजून राग येतो.

लग्न होऊन मी मलकपेठेत गेले. रविवारचं काम कोणी केलं नाही. कोंब वाढत गेले, वरचा चिकू वाळला. काही वर्षांनी एका मे महिन्यात माहेरी गेले, तर बाबा दारातच म्हणाले, "तू गेलीस आणि चिकू गेला." बोलताना त्यांचे ओठ चिकटत होते. पहिल्या खिरण्या त्यांनी संपवल्या होत्या.

चिकूचं खोड कापलं, तिथली गाठ बुंध्यावर अजून आहे. बाकी सगळं झाड खिरणीचं आहे.