परळच्या फुटपाथवर ‘जेवलात का?’

संध्याकाळच्या मुंबईच्या बसमध्ये मला बसवायला वाडीतल्या तिघीजणी आल्या होत्या आणि तिघीही एकच सांगत होत्या, लालबाग आलं की ड्रायव्हरला ओरडून सांग. मला ओरडता येत नाही हे त्यांना माहीत आहे. म्हणून मी ड्रायव्हरच्या मागचीच जागा धरली. पायाशी पिशवीत कुळथाचं पीठ, आमसुलं, उकडे तांदूळ आणि फणसाची साठं (रस वाळवून केलेल्या पोळ्या) होती. मांडीवर भाकरीचा डबा.

परत आल्यावर याच तिघी विचारणार, मुंबईत काय बघितलंस? तोंडाने मला दोन वाक्यांच्या पुढे जाता येत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहायला बसलं की जमतं. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

माझी पुतणी श्रद्धा मुंबईत वकिलीचं शिकते. तिनेच फोन केला होता.

“काकी, आमच्या वर्गात घरचं एकेक माणूस आणायचं आहे. आम्हाला माणसांना प्रश्न विचारायची सवय व्हायला हवी ना, म्हणून. तू ये.”

“मी कशाला? तुझी आई आहे की.”

“आई एकदा बोलायला लागली की संपलं. मला न बोलणारं माणूस हवं आहे.”

मला रागही आला आणि बरंही वाटलं. न बोलण्यासाठी कुणी मुंबईला बोलावेल, असं कधी वाटलं नव्हतं.

वाटेत गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, “जेवलात का हो?” मी म्हटलं, “हो, झालं.” डबा तसाच मांडीवर होता. घाटात मला गाडी लागते.

सकाळी लालबागला पुलाखाली उतरले. ओरडावं लागलं नाही, दीर, म्हणजे श्रद्धाचे वडील, उभेच होते. “इलात वयनी? प्रवास बरो झालो मां?” त्यांनी विचारलं. (इलात म्हणजे आलात.) उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शिंका सुरू झाल्या. जवळच मसाल्याची गल्ली, गिरणीवर मिरच्या कुटल्या जात होत्या. मुंबईत मी आधी शिंकले, मग बोलले.

दिरांची खोली चाळीत तिसऱ्या माळ्यावर आहे. गॅलरीत उभं राहिलं की खाली लोणच्याच्या बरण्या आणि पापड दिसतात, समोर मान वर केली की काचेच्या इमारती. तिथे पूर्वी कापडाची गिरणी होती. माझे सासरे तिथे कामाला होते. दीर त्या काचांकडे बघून म्हणाले, “बाबांचं खातं होतं ना, तिथे आता लिफ्ट आहे.”

या खोलीची एक रीत आहे. परळची मोठी हॉस्पिटलं इथून चालत जाण्यासारखी. आमच्या गावचं कुणी तिथे दाखल झालं की डबा या खोलीतून जातो. श्रद्धा लहान असताना फ्रॉकमध्ये डबा घेऊन वडिलांबरोबर जायची. बाहेर फुटपाथवर बसलेली माणसं बघून ती विचारायची, यांच्या गावची खोली कुठे आहे? वकिलीच्या वर्गातही तिने तेच धरून ठेवलं आहे.

संध्याकाळी गॅलरीत तिने मला सगळं सांगितलं. त्यांच्या मॅडम मुलांना अन्नधोरण शिकवतात (म्हणजे कुणाला काय खायला मिळावं, ते कुठे शिजावं, कुठे विकावं, याचे नियम). नुसतं शिकवत नाहीत, लिहायलाही लावतात. श्रद्धाच्या गटाने लिहिलं होतं, की हॉस्पिटलजवळ पालिकेने एक स्वयंपाकघर द्यावं. रुग्णांच्या नातेवाइकांनी यावं, आपलं आपण शिजवावं. शुक्रवारी पालिकेतून निवृत्त झालेले एक साहेब ऐकायला येणार होते. त्यांना पटलं तर मसुदा (कच्चा लेख) खरोखर पालिकेकडे जाणार होता.

“मग चांगलं आहे की,” मी म्हटलं.

“कसलं चांगलं! आमचा बाद होणार, काकी. परळला फुटपाथवर सगळ्यांना विचारलं, जेवलात का? जवळजवळ सगळे म्हणाले, हो. मॅडम म्हणतात, सगळे जेवलेले असतील तर स्वयंपाकघर कशाला मागता?”

मी म्हटलं, “जेवले असतील तर बरंच झालं ना?” तिने माझ्याकडे असं बघितलं की मी साठं कापायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने गिरगावला, तिच्या कॉलेजला निघालो. श्रद्धाची आई, माझी जाऊ सुनंदा, पोळीभाजी केंद्रात कामाला आहे, ती पहाटेच गेली होती. ओट्यावर पोळ्या झाकून ठेवल्या होत्या, पण कुणी वाढल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात झाकण कसं उघडायचं? श्रद्धा केस विंचरता विंचरता म्हणाली, “काकी, खाल्लंस ना?” मी हो म्हटलं. चहा झाला होता.

गिरगावात खोताच्या वाडीशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. गल्ली लहानशी, दोन्ही बाजूंना लाकडी घरं, जिने बाहेरून, खिडक्यांना रंग. एका ओट्यावर फ्रॉक घातलेल्या म्हाताऱ्या बाई मांजराला भरवत होत्या. माझा पाय बघून त्या आत गेल्या आणि मोठी पिन घेऊन आल्या. चप्पल त्यांनीच टोचून दिली. “चहा घेतेस?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “नको, झाला.” मांजरापुढे बशीत ताजा पाव होता. त्याच्याकडे मी जरा जास्तच वेळ बघितलं.

कॉलेजात वर्ग मोठा होता. मॅडम टेबलाच्या कडेवर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “या ताई. घाबरू नका, इथे कुणी उलटतपासणी घेणार नाही.” एक गट शाळेतल्या खिचडीवर लिहीत होता, एक गट हातगाडीवाल्यांना चांगलं पाणी कुठून मिळावं यावर. नियम असे कुणीतरी बसून लिहितं, खोडतं, पुन्हा लिहितं, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ते असतातच, डोंगर असतात तसे.

माझ्यासमोर रोहन नावाचा मुलगा बसला. तो दादरचा, श्रद्धाच्या गटातला, उंच आणि फार नीट बोलणारा.

“नमस्कार काकू. जेवलात का?”

“हो, झालं.”

“काय जेवलात?”

याच्यापुढे कुणी कधी विचारत नाही. मी गडबडले. “भात,” म्हटलं. “आणि पिठी.”

“कशाची?”

“कुळथाची.”

मागून श्रद्धा म्हणाली, “काकी, कुळथाच्या पिठाची गाठसुद्धा अजून सोडलेली नाही.”

वर्ग हसला. तेवढ्यात माझं पोट वाजलं, तेही पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेलं. श्रद्धा उठून पुढे आली. ती हसत नव्हती.

“सकाळपासून काय खाल्लंस?”

“चहा.”

“मग हो का म्हणालीस?”

“तसंच म्हणतात ना गं. नाही म्हटलं तर विचारणाऱ्याला वाढावं लागतं.”

श्रद्धा रोहनकडे वळून म्हणाली, “अरे, आपण काय विचारत होतो तिथे?”

रोहनने कपाळाला हात लावला. “मॅडम, सकाळी तुम्ही मला विचारलंत ना, तेव्हा मीपण हो म्हणालो. मी बिस्किटं खाल्ली होती.” “मीपण,” खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली. मॅडम म्हणाल्या, “आणि मी ते खरं धरून बसले होते. आता आधी ताईंसाठी काहीतरी आणा.”

वडापाव आला. सगळ्या वर्गासमोर मी तो खाल्ला. इतकी लाज मला माझ्या लग्नातही वाटली नव्हती.

दुपारी श्रद्धा, रोहन आणि मी परळला गेलो. हॉस्पिटलच्या भिंतीला लागून चटया होत्या. रेलिंगवर साड्या वाळत होत्या. उशाशी पिशव्या, पिशव्यांतून डोकावणारे एक्स-रेचे लखोटे. रोहनने नवा प्रश्न तयार केला होता. एका टोपीवाल्या काकांना त्याने विचारलं, “तुम्ही शेवटचं जेवण कधी केलंत?”

काका उसळले. “भिकारी वाटलो काय रे तुला? चल, पुढे हो!”

रोहनचे कान लाल झाले. श्रद्धा मान खाली घालून उभी राहिली. माझी चप्पल पुन्हा सुटली होती, म्हणून मी कठड्यावर टेकले. शेजारी चटईवर एक बाई बसल्या होत्या, जालन्याकडच्या. मुलगा आत वॉर्डात होता, हे नंतर कळलं. त्यांनी माझी चप्पल बघितली, मग तोंड बघितलं आणि विचारलं, “जेवल्या का बाई?”

‘हो’ ओठांवर आलंच होतं. श्रद्धा समोर उभी होती. तिचा पडलेला चेहरा मला दिसत होता. वडापाव पोटात होता, पण ते काही जेवण नव्हे.

“नाही,” मी म्हटलं. “जेवले नाही.”

असं मी परक्या माणसाला कधीच म्हटलं नव्हतं. वाटलं, आता ही बाई काय करेल? त्या हसल्या. “म्या बी न्हाई,” त्या म्हणाल्या. “बसा मंग खाली, तिथं काय टेकल्या?”

मी चटईवर बसले. त्यांनी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. ज्वारीचं पीठ, तांदूळ, डाळ, कांदे, तिखट. “समदं गावाकडून आणलंय. शिधा हाय, चूल न्हाई. वॉचमन स्टो पेटवू देत न्हाई. त्याचं बी चूक न्हाई, दवाखाना हाय ह्यो. मग चहावाल्याकडून गरम पाणी घ्यायचं, त्यात पोहे भिजवायचे.” मग त्यांनी टोपीवाल्या काकांना हाक मारली. “ओ भाऊ, चिडू नगा. ह्या बाई बी उपाशीच हायत. या हिकडं.”

काका आले, पण आधी रोहनकडे बोट करून म्हणाले, “याला बोलायला शिकवा जरा.” रोहन म्हणाला, “तेच शिकतोय काका.” त्यावर काकाही हसले. ते दापोलीकडचे निघाले. त्यांच्या पिशवीतही तांदूळ होते.

श्रद्धा आता खाली बसली. तिने विचारलं, “काका, इथे चूल मिळाली तर आज काय रांधाल?”

मग काय! काकांनी बांगड्याचं तिखलं (दाट, तिखट कालवण) सांगितलं आणि त्यात त्रिफळं (माशाच्या कालवणातला कोकणी मसाला) कधी घालायची तेही सांगितलं. जालन्याच्या बाईंनी पिठलं सांगितलं. पलीकडच्या चटईवरची म्हातारी बोलावलं नसताना सरकत आली आणि म्हणाली, “मला नुसता गरम भात, वर तूप.” सांगता सांगता तिचे डोळे भरले. रोहन भरभर लिहीत होता. जेवलात का, हे त्याने कुणालाही विचारलं नाही. सगळ्यांनी आपणहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी पिठी-भात करून डबा नेला. जालन्याच्या बाईंनी झाकण उघडलं. “अगं बया, पिठलं काळं का पडलं तुमचं?” मी म्हटलं, “कुळीथ आहे.” त्यांनी घास घेतला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “दिसतं तितकं वाईट न्हाई.”

नवीन मसुदा दादरला रोहनच्या घरी लिहिला गेला. फुलबाजाराच्या पुढे, शांत गल्लीत घर आहे. मुलांनी वर नाव दिलं होतं ‘सामुदायिक पाकगृह’. रोहनची आई वाढता वाढता म्हणाली, “पाकगृह काय रे? लग्नाचा हॉल वाटतो.” शेवटी श्रद्धाच्या वडिलांचा फोनवरून सल्ला घेतला. ते म्हणाले, “सार्वजनिक चूल म्हणा. सार्वजनिक म्हटलं की लालबागला कळतं.” तेच ठरलं. रोहनच्या आईने मला विचारलं, “अजून भात वाढू?” मी म्हटलं, “पुरे.” तर रोहन आणि श्रद्धा एकदम ओरडले, “काकी, खरं सांग!” “काकू, खरं सांगा!” मी ताट पुढे केलं.

शुक्रवारी मी शेवटच्या बाकावर बसले. निवृत्त साहेब पांढऱ्या शर्टातले, वेळेवर आलेले. श्रद्धा उभी राहिली. तिने सगळं नीट मांडलं. साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, “बाळ, पण तुमच्या पहिल्या पाहणीत तर सगळे जेवलेले होते. आता अचानक कसे उपाशी झाले?”

मला वाटलं, संपलं. मग श्रद्धा म्हणाली, “सर, दुपार झाली आहे. आपण जेवलात का?”

“हो हो, झालं,” साहेब म्हणाले.

दारात कॉलेजचे शिपाईमामा उभे होते. ते गोंधळून म्हणाले, “साहेब, डबा तर तुम्ही मला गरम करायला दिलाय ना? आणू काय?”

साहेब असे हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. “बस,” ते श्रद्धाला म्हणाले. “कळलं मला. पालिकेकडे पाठवा हे. कुणाला भेटायचं ते मी सांगतो. चूल मिळेल असं वचन देत नाही, पण यात काही अर्थ नाही असं कुणी म्हणणार नाही, एवढं बघतो.” श्रद्धाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. एवढंच मला जमलं.

मसुदा गेला आहे, उत्तर अजून आलेलं नाही. निघायच्या दिवशी मी परळला जाऊन आले. जालन्याच्या बाईंच्या मुलाला उठून बसता येत होतं. त्यांनी मला मूठभर ज्वारीचं पीठ पुडीत बांधून दिलं. “थापायला येती का भाकर?” “तांदळाची येते.” “मग शिका,” त्या म्हणाल्या.

मुंबईत मी समुद्र बघितला नाही, देवदर्शन केलं नाही. वाडीतल्या तिघी नावं ठेवतील. पण एक गोष्ट घेऊन आले. आपण ‘जेवलात का’ हे प्रेमाने विचारतो आणि ‘हो’ हेही समोरच्याला त्रास नको म्हणून म्हणतो. दोन्ही बाजूंना प्रेमच असतं, आणि मधे माणूस उपाशी राहतो.

सकाळी गावी बसमधून उतरून मी घरी चालत येत होते, तेव्हा वाटेवरच्या पार्वतीकाकी अंगणात सडा घालत होत्या. “काय गो, इलंस? जेवलंस?”

“होय काकी, जेवलंय,” मी म्हटलं आणि पुढे गेले.

त्यांच्या कुंपणाच्या टोकाशी पोचले आणि थांबले. पिशवी खाली ठेवली. मागे वळले.

“काकी, जेवूक नाय मी.” (जेवले नाही.)

त्यांनी सड्याची बादली खाली ठेवली. जराशी वेडी झाली काय ही, असं बघितलं. मग म्हणाल्या, “मगे उभी कित्याक? ये.” (मग उभी कशाला? ये.)

आत पेज अजून चुलीवरच होती.