आर्लिस ट्वेटची आठशे चाळीस काडतुसं

आमच्या नेमबाजी क्लबच्या शेडमध्ये त्या शुक्रवारी फळ्यावर दोन कागद टाचलेले होते. पहिला असा: "मिसेस आर्लिस ट्वेट यांनी भरलेली काडतुसं पुढची सूचना निघेपर्यंत रेंजवर चालणार नाहीत." आणि त्याला खेटून दुसरा: "हंगामाचं पहिलं जेवण. राजम्याची चिली: लॉइड. कॉफी: मर्ल. दालचिनीचे रोल: मिसेस ट्वेट."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! बाईची काडतुसं नकोत, पण रोल हवेत? आणि दोन्ही कागद एकाच माणसानं, एकाच पेनानं लिहिलेले. लिहिताना जीभसुद्धा चावली गेली नाही.

मी मर्ल ऑस्बी. चाळीस वर्षं मोंटाना राज्यातल्या या भागात विजेच्या खांबांवर चढलो. आता दर बुधवारी रेंजवर सुरक्षेचं बघतो. कुणी कधी उभं राहायचं, पिस्तूल कधी भरायचं, कधी थांबायचं, हे मी ओरडून सांगतो आणि तिथं माझा शब्द शेवटचा असतो. आवाज मोठा आहे, राग त्याहून मोठा. बायको म्हणते, तुझ्या डोक्यावर किटली ठेवली तर चहा होईल.

आर्लिस एकाहत्तर वर्षांची. सव्वीस वर्षं तिनं गावच्या शाळेत स्वयंपाक केला. आज क्लबात छाती काढून फिरणारे हे सगळे तिच्या हातचं खाऊन मोठे झाले. अजूनही तिला मिसेस ट्वेट म्हणतात, अहो-जाहो करतात. तिचा नवरा ऑरिन गेला तेव्हा तिनं त्याचं पिस्तूल आणि तळघरातलं काडतुसं भरायचं यंत्र विकायला काढलं होतं. विकण्याआधी एकदा चालवून बघू म्हणाली आणि जी चिकटली ती चिकटलीच. ओळीनं उभ्या केलेल्या लोखंडी थाळ्या पाडायचा आमचा खेळ. तेरा वर्षांत तिनं बुधवार चुकवला असेल तर बर्फामुळे.

"का माहितीय, मर्ल?" ती मला एकदा म्हणाली होती. "आठवड्यातला हा एकच दिवस असा, की मी दारातून आत शिरले तर लोक माझ्या हातातल्या डब्याकडे बघत नाहीत."

गेल्या हिवाळ्यात संधिवातानं तिची बोटं धरली. पिस्तूल दोन्ही हातांनी पेलता यायचं, पण काडतुसं भरता येईनात. काडतूस म्हणजे काय, एक पितळी पुंगळी. तिच्या बुडाला टिकली, पोटात दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी, म्हणजे शिसं. ते शेंगदाण्याएवढं शिसं चिमटीत उचलायचं आणि पुंगळीच्या तोंडावर सरळ उभं करायचं, एकदा नाही, शंभर-दोनशे वेळा. तिच्या चिमटीतून ते निसटून टेबलाखाली जायचं. विकत घ्यावीत म्हटलं, तर गावच्या दुकानातला कप्पा वर्षभर रिकामा. इथं जो तो घरीच भरतो. म्हणजे भरता आलं नाही की बुधवार गेला. तिच्यापुढे एवढाच प्रश्न होता, पण तो तेवढाच मोठा होता.

इथं ड्वेन पाव्लिक उगवला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो आणि जगातल्या प्रत्येक यंत्रातलं आपल्याला कळतं असं समजतो. मनानं वाईट नाही. आज मला हे कबूल करायची इच्छा नाही, पण खोटं कशाला बोलू? त्या हिवाळ्यात त्याला नवीन नाद लागला होता, एकेक शिसं आपोआप पुढे करणाऱ्या फीडरचा. स्वतःच्या यंत्रावर बसवला आणि मग गावभर लोकांच्या यंत्रांवर बसवत सुटला. आर्लिसच्या तळघरात तो फीडर घेऊन आला तेव्हा मी तिथंच कॉफी पीत बसलो होतो.

"मिसेस ट्वेट, या ड्रममध्ये शिसं ओतायचं, मोटार लावायची," ड्वेन म्हणाला. "एकेक शिसं टोक वर करून नळीतून खाली येतं. तुमची बोटं फक्त दांड्यावर."

"आणि हे बसणार कुठं? घरं तर पाचच आहेत."

तिच्या यंत्राला पाच घरं. दांडा ओढला की पुंगळी एक घर पुढे सरकते. पहिल्यात टिकली बसते, दुसऱ्यात दारू पडते. तिसऱ्यात एक दांडी पुंगळीत उतरून दारू तपासते, कमी-जास्त असली की पिपाणी वाजते. चौथ्यात शिसं दाबलं जातं, पाचव्यात तोंड आवळलं जातं.

"ही पिपाणी काढून टाकू," ड्वेन म्हणाला. "तेरा वर्षांत किती वेळा वाजली?"

"दोनदा."

"बघा! दोनदा वाजायला घर अडवून बसलीय."

"दोनदा वाजली म्हणून माझे दोन्ही डोळे जागेवर आहेत, ड्वेन."

"अहो, किती घाबरता! मी सगळ्यांच्याच काढल्या. कुणाचं काही अडलं?"

आर्लिसनं स्वतःच्या सुजलेल्या बोटांकडे बघितलं आणि मान डोलावली. ड्वेननं पिपाणी काढून खिडकीत ठेवली, फीडर बसवला, दोन रोल खाल्ले आणि गेला.

तो गेला आणि फीडरनं रंग दाखवले. दहातलं एक शिसं उलटं, टोक खाली करून यायचं. सरळ आलेलं पुंगळीच्या तोंडावर कलंडायचं. मधेच नळीत अडकायचं आणि खाली दांडा नुसताच हालायचा. ड्वेनला फोन केला की एकच उत्तर: "होईल हो सुरळीत." मग तीच कामाला लागली. ड्रमखाली एकेक वायसर सारून तिनं त्याचा कल बदलला. शिसं उचलणाऱ्या चकतीखाली पत्त्याच्या तुकड्याचं अस्तर दिलं. पुंगळीचं तोंड केसभर जास्त उघडलं, म्हणजे शिसं अंग चोरून का होईना पण सरळ बसेल. आणि हे सगळं कानानं. शाळेतलं कणीक मळायचं यंत्र बिघडलं की ती आवाजावरून सांगायची म्हणे, कुठला दात गेलाय ते. तीन आठवड्यांनी दुपारी तिचा फोन आला. मागे ड्रम खडखडत होता.

"मर्ल, शंभर! ओळीनं शंभर, एकही उलटं नाही!"

इतकी खूश मी तिला ऑरिन गेल्यापासून बघितली नव्हती.

त्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी ती गोळी झाडायच्या लाइनवर उभी होती. तीन थाळ्या पडल्या. चौथ्या वेळी ठो नाही, नुसतं फुस्स. दारू नसली की टिकलीच्या जोरावर शिसं पिस्तुलाच्या नळीत शिरतं आणि तिथंच अडकून बसतं. घाईतला माणूस पुन्हा घोडा दाबतो, मागचं शिसं पुढच्यावर आदळतं आणि पिस्तूल हातात फुटतं. मी ओरडायला तोंड उघडलं, पण तोवर तिचं बोट घोड्यावरून निघालं होतं, नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे होती आणि डावा हात वर होता.

"मर्ल, थांबव सगळ्यांना. नळीत अडकलंय."

मी पितळी सळई घालून शिसं बाहेर काढलं. सुरक्षा शिकवायची तर ती अशी शिकवावी, असं ती वागली. तिची पाठ थोपटायला हवी होती की नाही? पण आमचा अध्यक्ष लॉइड ब्रेक्के पुढे आला, चेहरा गंभीर करून.

"मिसेस ट्वेट, वाईट वाटून घेऊ नका. पण वयानुसार लक्ष इकडेतिकडे होतंच ना."

वय! मी ड्वेनकडे बघितलं. म्हटलं, आता बोलेल, आता बोलेल. तो बुटाची नाडी बांधत बसला. बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली. दोन दिवसांनी लॉइडच्या स्वयंपाकघरात कमिटी बसली, ड्वेनही होता, आणि फळ्यावर ते दोन कागद लागले.

मी तडक आर्लिसकडे गेलो. तळघरातून ठक, ठक, ठक. एक पोकळ हातोडा असतो, त्यात काडतूस अडकवून ठोकळ्यावर आपटलं की शिसं, दारू, पुंगळी वेगळी होतात. ती तेच करत होती. मनगटावर बर्फाची पिशवी बांधलेली.

"हे काय चालवलंयस?"

"उघडतेय. फीडरनं भरलेली सगळी. आठशे चाळीस आहेत."

"अगं, वेड लागलं का? ते हात बघ तुझे!"

"आतून रिकामं कुठलं आहे ते बाहेरून दिसतं का तुला?"

"मग आण इकडे, मी आपटतो. आणि ही वेळ आणली त्या ड्वेनला..."

"नको. तू रागात टेबल फोडशील. तू मोज." तिनं पुढचं काडतूस हातोड्यात अडकवलं. "आणि ड्वेन ड्वेन करू नकोस. दांड्यावर हात माझा होता. पिपाणी काढू दिली ती मी. मधे शिसं अडकलं, ते सोडवायला मी दांडा अर्धा मागे घेतला. तेव्हाच एखादी पुंगळी दारू न पडताच पुढे गेली. पूर्वी शिसं हातानं ठेवायचे, तेव्हा नजर आपोआप पुंगळीत जायची. दारू दिसायची. फीडरनं बोटांचं काम घेतलं, मर्ल, आणि त्याबरोबर नजरही गेली. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

नऊ दिवस लागले. पाचशे बाराव्या पुंगळीत दारूचा कण नव्हता. ती पुंगळी तिनं वेगळी काढून ठेवली आणि पुढची घेतली. सगळी उघडून झाल्यावर तिनं दाबणं आणि आवळणं एकाच घरात आणलं. त्याचा मेळ बसवण्यात आणखी चार दिवस गेले. मोकळ्या झालेल्या घरात पिपाणी परत बसवली. मग आठशे चाळीस पुन्हा भरली, एकूण एक पिपाणीखालून.

या सगळ्या दिवसांत मी काय केलं? रागावलो. हाटेलात रागावलो, चर्चच्या पायऱ्यांवर रागावलो, बायकोला रोज तेच तेच ऐकवलं.

पहिल्या जेवणाच्या बुधवारी आर्लिस रोलचे दोन ट्रे घेऊन आली. खांद्याला पिस्तुलाची पिशवी होती. बुधवारचे आम्ही सहाच जण, ती धरून. लॉइडनं आधी रोल उचलला आणि मग पिशवीकडे बघितलं.

"मिसेस ट्वेट, तो नियम अजून..."

"ठाऊक आहे. काय केलं म्हणजे उठेल?"

"परत असं होणार नाही, याची खात्री द्याल?"

"नाही. अशी खात्री कुणी दिली तर त्याच्या शेजारी उभासुद्धा राहू नकोस." तिनं हात पुसले. "मी आठशे चाळीस उघडली. आणखी एक रिकामी सापडली. पिपाणी परत बसवून सगळी नव्यानं भरली. ड्वेन, तू तुझी किती उघडलीस?"

ड्वेनच्या तोंडात घास होता. "माझ्याकडे तसं काही झालं नाही."

"माझ्याकडेही त्या बुधवारपर्यंत झालं नव्हतं."

मग तिनं शाळेच्या जेवणघरातला आवाज काढला. "फीडर कुणाकुणाकडे आहे? हात वर."

पन्नाशीची माणसं, पण हात झटकन वर गेले.

"पिपाणी ज्याची जागेवर असेल, त्यानं हात तसाच ठेवावा."

सगळे हात खाली आले. काय सांगू, मला असा आनंद झाला! बरी जिरली गाढवांची. मी भिंतीला टेकून हाताची घडी घालून मजा बघत होतो. एवढ्यात ती माझ्याकडे वळली.

"मर्ल, तू हातच वर केला नाहीस?"

फेब्रुवारीत ड्वेननं माझ्याकडेही फीडर बसवला होता. माझी पिपाणी नटबोल्टच्या खणात पडली होती. मी तिच्या शेजारी बसून आठशे चाळीस पुंगळ्या मोजल्या, गावभर ड्वेनच्या नावानं शंख केला, आणि माझ्या कमरेच्या पट्ट्यात त्या क्षणी साठ काडतुसं होती, एकही तपासलेलं नव्हतं. तिच्याबरोबर मोजताना एकदाही, एकदासुद्धा ते माझ्या मनात आलं नाही. कान असे तापले की विचारू नका. हात वर केला, तो किती वर केला ते मला कळलं नाही.

बोलायचं काम माझं होतं. मी पट्टा सोडला आणि टेबलावर ठेवला.

"आज लाइनवर तपासलेलीच काडतुसं," मी म्हणालो. "बाकीची सगळी इथं काढा."

"अरे पण मर्ल, फळ्यावरचा कागद..." लॉइड म्हणाला.

"खड्ड्यात गेला तो कागद! लाइनवर शब्द माझा. काढा म्हटलं ना!"

एकेकानं पट्टे काढले. ड्वेन सगळ्यात शेवटी उठला. ट्रेकडे बघत म्हणाला, "पिपाणी मी काढली होती. त्यांना नको होतं."

"हे तेव्हा बोलायला काय झालं होतं?" मी खेकसलो.

"मर्ल," आर्लिस म्हणाली, "लाइन उघड."

ती उभी राहिली. मी इशारा दिला. ती सावकाश खेळली, बोटं कुरकुरतायत हे मागून दिसत होतं. चौथी थाळी चुकली, तिनं दम घेतला आणि पुन्हा मारून पाडली. प्रत्येक बार खणखणीत. पिस्तूल रिकामं करून मला दाखवलं, पिशवीत ठेवलं आणि बाजूला झाली.

"पुढचा!" मी सवयीनं ओरडलो.

बाकावरून कुणीच उठलं नाही. पाचही पट्टे टेबलावर पडले होते.