परवीन उतारावर बसली तेव्हा

परवीनबद्दल मला चांगलं बोलवत नाही, तरी बोलतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ती पहिल्या मजल्यावर राहते. मंडईजवळ तिचं बांगड्यांचं दुकान. नवरा शमशुद्दीन गेल्यावर दीर म्हणाले, दुकान विकून टाक. तिने दुसऱ्याच आठवड्यात स्वतः जाऊन शटर उघडलं. बाई धीट, मान्य. पण म्हणून माझ्या डोंगरात कशाला यायचं?

हो, माझ्याच! उन्हाळा लागला की आमचा गट कात्रजहून डोंगररांगेने सिंहगडापर्यंत चालत जातो, आणि पुढे मी असतो. बायकोला मी नेहमी रुबाबात सांगत आलो, "तुला नाही झेपायचं." ती बिचारी डबा भरून द्यायची आणि परत आलो की कौतुकाने सगळं ऐकत बसायची. खरं सांगू? त्या कौतुकासाठीच तर मी चढायचो.

परवीनची शुगर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, ती गटात आली. आणि यंदा चैत्रात हिलाही घेऊन आली. संसार माझ्याशी आणि बूट घेतले परवीनला विचारून! अंगाचा तिळपापड झाला माझा.

त्यात यंदा वाट वाईट. गवत वाळून गुळगुळीत झालेलं, काही उतार वणव्याने काळे पडलेले आणि पायाखाली सुटा मुरूम. रांगेवर पाण्याचा थेंब नाही. अशा उतारांवर आमचा एक नियम आहे: जो बूड टेकेल त्याने गडावर सगळ्यांना भजी खिलवायची. माझ्यावर ती वेळ कधीच आली नव्हती.

सगळ्यात खड्या उतारावर ही थबकली. मी ऐटीत म्हणालो, "माझा हात धर."

तेवढ्यात परवीनने खुशाल फतकल मारली. "वहिनी, बसा बिनधास्त. भजी माझ्याकडून!" आणि सर्रकन घसरत गेली. मागोमाग हीसुद्धा बसली, किंचाळत, खिदळत खाली पोचली. माझ्यासोबत इतकी कधी हसली नव्हती. मग काय, अख्खा गट बसला. निर्लज्ज कुठले!

वर मी एकटा उभा. एक पाऊल टाकलं, मुरूम सरकला, पाय मागे घेतला. पण बसायचं कसं?

"श्रीधरभाऊ, बसा हो, कोणी बघत नाही!" परवीन खालून ओरडली.

खरंच कोणी बघत नव्हतं. हीदेखील नाही. ती बुटातले खडे काढत होती. तेच जास्त झोंबलं.

शेवटी बसलो. खाली पोचून पँट झटकेपर्यंत मंडळी पुढच्या टेकडीला लागली होती. सगळ्यांच्या पुढे माझी बायको चालत होती. मध्येच ती थांबली, मागे वळली आणि तिने हाक मारली ती परवीनला.