ओली गाडी

दातवाल्या बाई म्हणूनच सगळी गल्ली तिला ओळखायची. लोकांच्या कवळ्या घडवण्यात तिची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा तिने छोट्या गाड्यांची मॉडेलं करायला घेतली. नवरा अग्निशमन दलात बंब चालवायचा. हल्ली त्याचं डोकं कधी ताळ्यावर असायचं, तर कधी भलतीकडेच. त्याच्यासाठी तिने वीतभर लांबीची लाल बंबाची गाडी केली. शिडी, नळ्या, दिवे, सगळं जिथल्या तिथे. शेवटी वर पारदर्शक वार्निशचा हात फवारला आणि गाडी आरशासारखी लखलखली.

दोन दिवसांनी तिने ती त्याच्यापुढे ठेवली. त्याने हात मागे घेतला.

"ओली आहे."

"अहो, परवाच वाळली!" असं म्हणून तिने टपावर अंगठा दाबला. ठसा स्पष्ट उमटला. खालचा रंग पुरता वाळण्याआधीच तिने घाईने वार्निश मारलं होतं. बाई खजील झाली. म्हणजे याचं डोकं अजून शाबूत आहे की काय? तिला उगाच हुरूप आला.

तिने पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश कागदाने ठसा घासून काढला, पुन्हा पातळ हात दिला आणि या वेळी धूळ बसू नये म्हणून गाडी खोक्याखाली झाकून आठवडाभर तिकडे फिरकलीसुद्धा नाही.

"ओली आहे," गाडी पुढ्यात येताच तो पुन्हा म्हणाला.

तिने अंगठा दाबला, मग नखाने टोकरून पाहिलं. दगडासारखी टणक.

"कुठे ओली आहे? दाखवा बरं."

"अगं, चमकतेय ना. आग विझवून परत आलो की अशी दिसायची. पुसल्याशिवाय आत लावायची नाही. फडकं दे."

हे भ्रमाचं बोलणं होतं की आठवणीचं? तिने फडकं दिलं. त्याने चाकं, दारं, शिडीच्या पायऱ्या नीट पुसल्या, आणि पुन्हा पाहिलं. "अजून ओलीच."

दुसऱ्या दिवशी तिने एक युक्ती केली. चमक घालवणारं मॅट वार्निश आणलं आणि गाडीवर फवारलं. लाल रंग विटकरीसारखा कोरडा दिसू लागला. आता तरी त्याचं समाधान होईल, या आशेने ती समोर बसली.

त्याने गाडी उलटसुलट करून पाहिली. "ही कोणाची?"

"तुमचीच की हो."

"छे! आमची नाही ही." त्याने ती परत तिच्या हातात दिली आणि खिडकीबाहेर पाहत बसला.

बाईचा पार गोंधळ उडाला. चमकवली तर ओली, मंद केली तर परक्याची. यातलं नेमकं काय धरावं? विचारायचं तरी कोणाला? जेवणं आटोपल्यावर तिने रंग फवारायचा एअरब्रश धुतला, चकचकीत वार्निशची बाटली हलवली आणि गाडीवर पुन्हा एक हात चढवला.

वाळल्यावर गाडी त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा तो खुर्चीत सावरून बसला.

"पुसायला हवी," तो म्हणाला. "तू शिडीकडून घे, मी पुढून घेतो."

तिला अजूनही काही उमगलं नव्हतं. पण तिने पदर खोचला आणि शिडीच्या बाजूला जाऊन बसली.