चाळीस रुपयांचं फेशियल

तुमचा चेहरा शेवटचा कुणी धुतला? लहानपणी आईनं धुतला तो सोडा. पैसे मोजून, खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून तुम्ही जिच्या हाती चेहरा दिलात, तिच्या पदरात त्यातले किती पडले, हे कधी विचारलंत?

हा प्रश्न मी छापून गावभर वाटला होता. त्याचं काय झालं ते सांगते.

कुंभकोणमला महामहम तळ्यापासून दोन गल्ल्यांवर एक स्किन क्लिनिक आहे. तिथे डॉक्टर कधी कुणी पाहिला नाही, पण मालक पांढरा कोट घालून गल्ल्यावर बसतात. माझी थोरली बहीण, आमची आक्का, तिथे कामाला. पगार अकरा हजार. पूर्वी आम्ही दोघी गावाबाहेर साक्कोट्टैला राहायचो. भाडं कमी, हवा बरी. पण उन्हातून बसस्टॉपवर चालत जाऊन आक्काचा चेहरा रापला आणि मालक म्हणाले, "अम्मा, तुझा चेहरा म्हणजे दुकानाची पाटी. पाटी काळी पडून कसं चालेल?" म्हणून आम्ही गावात खोली घेतली. साडेपाच हजार भाडं. पगार टिकवायला त्वचा राखायची आणि त्वचा राखायला पगार घालवायचा, असा हा धंदा.

घरमालकिणीला सगळी गल्ली मामी म्हणते. एका संध्याकाळी मामी दारात उभी राहिली. "पुढच्या महिन्यापासून दोन हजार जास्त. नसेल जमत तर खोली सोडा. तिरुनागेश्वरमला राहूच्या दर्शनाला येणारी माणसं एका रात्रीचे हजार देतात गं. येतात, झोपतात, जातात. स्वयंपाक नाही, कपडे वाळत घालणं नाही."

"आणि पाण्याची मोटार बंद करायला पहाटे कोण उठेल, मामी?" मी विचारलं.

"राहू बघेल," मामी म्हणाली आणि जिना उतरली.

आक्कानं मालकांकडे दोन हजारांची वाढ मागितली. मालकांनी विचार केला आणि तिला पद दिलं. सीनियर स्किन स्पेशालिस्ट. पितळी बिल्ला आला, बिल्ल्याचे पैसे तिच्याच पगारातून कापले. बिल्ल्याच्या जोरावर फेशियल सातशेचं नऊशे झालं. येणाऱ्या प्रत्येक बाईला मालक सांगू लागले, "लेप स्पेशालिस्टनंच लावायचा आणि तिनंच काढायचा. दुसऱ्या कुणाचं बोट लागलं तर डाग पडतात. जन्मभर जात नाहीत."

इथे माझं डोकं फिरलं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. अप्पा बसभाड्यापासून रेशनच्या तांदळापर्यंत सगळ्यावर पत्रकं काढायचे. ते तमिळमध्ये लिहायचे आणि मराठीत चिडायचे; तीही आमची तंजावरी मराठी, पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात ती. उरलेल्या पत्रकांची आमच्या वह्यांना कव्हरं व्हायची, डब्यात इडलीखालीही तीच. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. अप्पा गेले, पण त्यांचा नियम राहिला: आकडे वर, राग खाली.

तसंच मी केलं. आक्काच्या पगाराला महिन्याभरात तिच्या हाताखालून गेलेल्या चेहऱ्यांनी भागलं. चेहऱ्यामागे चाळीस रुपये आले. पत्रकाच्या माथ्यावर ठळक लिहिलं: फेशियल ९००. त्याखाली आणखी ठळक: ४०. खाली बारीक अक्षरांत सगळा राग. शेवटी क्लिनिकचा पत्ता आणि आवाहन: इथे जाऊन जाब विचारा. छापखानेवाल्यानं आपुलकीनं पिवळा कागद वापरला आणि भोवती फुलांची वेलबुट्टी काढली.

आमच्या गावात रस्त्यावर हातात पडणाऱ्या प्रत्येक कागदाला नोटीस म्हणतात, आणि नोटीस येते साड्यांच्या सेलची, नाहीतर दातांच्या दवाखान्याची. हे मला माहीत होतं. तरी मी दिवसभर भाजीबाजारात उभी राहून वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिकसमोरची रांग कॉफीच्या दुकानापर्यंत गेली होती. प्रत्येकीच्या हातात पिवळा कागद. माझा ऊर भरून आला. मी पहिल्या बाईजवळ जाऊन म्हटलं, "जाब विचारायला आलात ना?"

"चाळीसवालं करायला आले," ती म्हणाली. "केस धुणं यातच आहे का?"

दुसऱ्या क्रमांकावर मामी. ती गल्ल्यापाशी सांगत होती, "ही पोर माझ्याच घरात राहते. मला तीस लावा."

मालकांनी नोटीस वाचली, माझ्याकडे जळजळीत पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा कुठल्याही लेपाशिवाय उजळला. "आज चाळीस!" त्यांनी जाहीर केलं.

"सार," आक्कानं विचारलं, "मला चाळिसातले किती?"

मालकांनी कॅल्क्युलेटर काढला. "नऊशेला चाळीस. तर चाळीसला… पावणेदोन. जा, दोन धर."

पहिल्या पाच जणींना आक्कानं पाच खुर्च्यांवर बसवलं, लेप लावले, आणि नेहमीसारखं सांगितलं, "आता बोलायचं नाही, सुरकुत्या पडतात." मग छातीवरचा बिल्ला काढून गल्ल्यावर ठेवला आणि स्टुलावर बसली.

"हे काय?"

"स्पेशालिस्टनं काम सोडलं, सार. मी आता साधी बाई. साध्या बाईचं बोट लागलं तर जन्मभर डाग पडतात, तुम्हीच सांगता."

पाचही करडे चेहरे एकदम मालकांकडे वळले.

लेप मुलतानी मातीचा होता. साध्या पाण्यानं दोन मिनिटांत गेला असता. मालकांना ते ठाऊक होतं. पण तसं म्हटलं की उद्याचे नऊशेही त्याच पाण्यातून वाहून जाणार. त्यांनी ओला स्पंज उचलून पहिल्या खुर्चीकडे एक पाऊल टाकलं. "म्म्म्म!" ती बाई मिटल्या ओठांनी किंचाळली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं.

मी मुठी वळून उभी. आक्का मात्र उठून प्रत्येकीच्या चेहऱ्यावर गुलाबपाणी शिंपडत फिरू लागली.

"हा कसला संप गं?" मी कुजबुजले.

"माती वाळली की कातडी ओढते. भांडण मालकांशी आहे, यांच्या गालांशी नाही."

"पाचशे वाढवतो," मालक म्हणाले.

आक्कानं मान हलवली आणि मामीच्या खुर्चीशी वाकली. "मामी, खोलीचे किती वाढवणार म्हणालात?"

मामीनं पांढऱ्या कोटाकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं आणि नाइलाजानं दोन बोटं वर केली.

"दोन हजार?" मालक खवळले. "त्या खोलीला? पंखा तरी फिरतो का तिथला? गरीब पोरींना लुटता, लाज नाही वाटत?"

मामीला बोलता येत नव्हतं. तिनं भिंतीवरच्या दरपत्रकातल्या नऊशेवर बोट रोखलं, मग गल्ल्यावरच्या बिल्ल्यावर, मग कपाळावर हात मारल्याचं दाखवलं. मालक ओरडत होते, मामी हातांनी ओरडत होती. पगार देणारा आणि भाडं घेणारी एकमेकांना चोर ठरवताहेत, असं अप्पांच्या एकाही पत्रकात मी वाचलं नव्हतं. रांगेतल्या बायका दारातून डोकावून कधी याची बाजू घेत, कधी तिची.

शेवटी मामीनं एक बोट मिटलं.

मालक बिल्ल्याकडे बघत राहिले. "बरं. हजार. पण प्रवासभत्ता म्हणून देईन. पगार वाढला म्हटलं तर उद्या दुसरीही मागेल."

"मागेलच!" मी ओरडले. "आणि प्रवास कसला? घर दोन गल्ल्यांवर आहे!"

"तू जरा गप्प बस," आक्का म्हणाली. "सार, आत्ता, या पाच जणींसमोर मोठ्यानं म्हणा."

मालकांनी म्हटलं. आक्कानं बिल्ला लावला, हात धुतले आणि सगळ्यांत आधी मामीचा चेहरा साफ केला, तिच्या नेहमीच्या हलक्या हातानं, कानामागचा भागसुद्धा.

मामीनं आरशात पाहिलं. गाल चाचपले. तिचं पहिलं वाक्य होतं, "मोटार मात्र तूच बंद करायचीस."

आम्ही अजून त्याच खोलीत राहतो. दुसऱ्याच दिवशी फेशियल पुन्हा नऊशेला गेलं आणि आक्काला चेहऱ्यामागे चाळिसाचे चव्वेचाळीसही मिळत नाहीत. उरलेली पिवळी पत्रकं डब्यात इडलीखाली संपली.

म्हणून आता छापत नाही, तुम्हालाच विनवते. पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा डोळे मिटण्याआधी, जिची बोटं तुमच्या गालावर आहेत तिला विचारा, "बाई, यातले तुला किती मिळतात?" गल्ल्यापर्यंत ऐकू जाईल असं विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका. लेप वाळेपर्यंत तुम्हाला वेळ असतोच.