जेवणानंतरची अर्धी गोळी

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, छाती पहिल्यांदा दुखली. रिसोडात आमचं धान्याचं दुकान होतं. पोत्यावर बसल्या बसल्या ते घामाने भिजले. अकोल्याला नेलं, वीस दिवस ठेवलं. निघताना मोठ्या डॉक्टरांनी मलाच समोर बसवलं. हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी झाली होती, पुन्हा होऊ नये म्हणून रोज अर्धी गोळी द्यायची, असं सांगितलं. "जेवण झाल्यावरच. उपाशीपोटी दिली तर पोटात रक्त सुटेल."

ती गोळी डोकेदुखीची होती. आमच्या औषधवाल्यानेही दोनदा चिठ्ठी वाचली. मालक तर रोज हसायचे.

"छाती दुखली माही, अन् गोळी डोक्याची खाऊन राह्यलो. उद्या पाय मोडला त दात काढतीन."

पण घ्यायचे. पोळी संपली की हात पुढे करायचे. मी अडकित्त्याने गोळीचे दोन तुकडे करायची.

भादव्यात दशलक्षण, आम्हा जैनांचं दहा दिवसांचं पर्व, आलं तेव्हा कळलं की दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी नेम धरला होता. जिवंत घरी गेलो तर दहा दिवसांचे उपास करीन. मला सांगितलं नव्हतं. मंदिरात सगळ्यांसमोर नेम घेऊन आले, मग सांगितलं. दहा दिवस अन्न नाही, दुपारी एकदाच उकळलेलं पाणी.

मी म्हटलं, "अन् गोळी?"

"डॉक्टर काय म्हणला? जेवल्यावर. मंग? जेवण नाई त गोळी नाई. त्याचंच आयकून राह्यलो."

मी सासूबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "देवानं वापस देला त्याले. तू मधात पडू नको, बाई."

तिसऱ्या दिवशी भाजीचं निमित्त करून गावातल्या डॉक्टरकडे गेले. त्याला विचारलं, आठवडाभर बंद ठेवली तर चालते का? नाहीतर उपाशीपोटी दिली तर किती वाईट?

तो म्हणाला, "बाई, म्या लिहून देली नाई ते गोळी. ज्यानं देली त्यालेच विचारा. माह्यावर कायले आणता?"

अकोला एसटीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मी एकटी कधी वाशीमच्या पुढे गेले नव्हते. पोस्टातून फोन लावता येतो हे माहीत होतं, पण कोणाला लावायचा, नंबर कोणता, हे नव्हतं. चौथी शिकलेली बाई मी. चिठ्ठीवरची इंग्रजी अक्षरं नुसती बघत बसले.

सहाव्या दिवशी गोळी कुटली. पूड पाण्याच्या तांब्यात टाकायची, एवढंच राहिलं होतं. त्यांना कळलं नसतं. नेम मोडला असता, त्याची मला फार पर्वा नव्हती. पण डॉक्टरांनीच रक्त सुटेल म्हटलं होतं, आणि पोट सहा दिवस कोरडं होतं. दिली तर मी मारणार, नाही दिली तर गुठळी मारणार. पूड मोरीत सांडली आणि तांब्या नेऊन दिला. ते पाणी प्यायले, म्हणाले, "अशी काहून पाहून राह्यली?"

नवव्या दिवशी सकाळी मंदिरात अभिषेक करताना कलश हातातून पडला. आधी लोकांना वाटलं अशक्तपणा. तोंड वाकडं झालेलं दिसलं तेव्हा जीप बोलावली. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

अकोल्याच्या त्याच डॉक्टरांनी विचारलं, "गोळी बंद का केली?"

"तुमीच म्हणले, जेवल्यावर द्या. जेवत नोते."

"मला विचारायचं होतं."

मी विचारलं, गोळी चालू असती तर हे टळलं असतं का? त्यांनी कागद चाळले. म्हणाले, सांगता येत नाही. या कामासाठी ती गोळी नवीन आहे, आम्हीही अजून बघतोय.

गावात लोक भेटायला यायचे. नऊ उपास झाले, मोठं पुण्य, म्हणायचे. सासूबाई मान हलवायच्या. मी चहा ठेवायची.

ते पुढे अकरा वर्षं जगले. शब्द एकही फुटला नाही. दशलक्षण आलं की मंदिराकडे डाव्या हाताने खूण करायचे, काय म्हणायचं ते मला कळायचं. मी भाताचा घास करून तोंडाशी न्यायची. ते तोंड मिटून घ्यायचे, मी थांबायची, भूक लागली की उघडायचे.

एकही उपास मी होऊ दिला नाही.