चंद्रभानच्या जीपचा ब्रेकपंप

चंद्रभान म्हणजे तोंडानं कमी आणि हातानं जास्त बोलणारा गडी. परभणीच्या एका गॅरेजात चार वर्षं पाने उचलून तो मेकॅनिकी शिकला आणि सरकारी लिलावातली एक जुनी जीप घेऊन ताडकळसला आला. त्या जीपपायी बाप आश्रुबानं गोठ्यातली शेवटची बैलजोडी विकली. विकली ती राजीखुशीनं, उगं खोटं कशाला सांगू, पण त्या दिवसापासून म्हातारा रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायला लागला. लोक चेष्टा करायचे, आश्रुबाला शेणाच्या वासाबिगर झोप येत न्हाई म्हणायचे. चेष्टा होती, पण खोटी नव्हती.

जीपनं मात्र घराला बरकत दिली. नामांतराच्या बंदात एसटी आठ-आठ दिवस आगारातून हलायची नाही. तेव्हा अडलेली बाळंतीण असो, साप चावलेला सालगडी असो, परभणीच्या दवाखान्यात न्यायला चंद्रभानच. कोणत्या घरचा, कोणत्या वस्तीचा, हे त्यानं कधी विचारलं नाही. त्याची बायको विमला मानवतची. नवऱ्याच्या वाटचंही तीच बोलायची, सासऱ्याशी तर तिचं लेकीसारखं जमायचं. दोघांना एक पोरगी, पाच वर्षांची. आजीचं नाव ठेवलं होतं, तानुबाई, पण सगळे तानूच म्हणायचे.

शहाऐंशी साली पोळा झाला आणि पाचव्या दिवशी चंद्रभान आणि विमला परभणीला निघाले. महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या, बाजार करायचा होता. तानू आजोबाजवळ राहिली. गावापासून तीन मैलांवर ओढ्याचा उतार आहे. तिथं चंद्रभाननं ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय लोण्यात शिरावा तसा खाली जाऊन पत्र्याला टेकला. दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला. हँडब्रेक ओढला. जीप पुलाच्या दगडी कठड्यावर गेली ती गेलीच. चंद्रभानचं कपाळ फुटलं. विमला जागच्या जागी गेली, पाणीसुद्धा मागितलं नाही तिनं.

तेराव्याला विमलाची आई कस्तुराबाई मानवतहून आली. बाई मोठी कडक, पण न्यायाची. मानवतात भावकीचं भांडण लागलं की लोक आधी तिच्या दारात जायचे. चार माणसांत ती जावयाला म्हणाली, "जावई, मला एकच कळू द्या. गाडीनं दगा दिला का तुमी चुकलात? सोमवारी मी माह्या पुतण्याला घेऊन येते. काशीनाथ मोटारीचंच काम करतो. जुना पंप जसा हाय तसा त्याला दाखवा. लोखंडच खराब निघालं तं देवाची करणी, पोरगी तुमच्यापाशीच वाढंल. तुमचा कसूर निघाला तं तानू माह्यासंगं येईल. लेक गेली, आता नात मी अशा हातात ठिवायची न्हाई."

चंद्रभान "बरं मामी" एवढंच म्हणाला. त्याला भरवसा होता. दर महिन्याला तो ब्रेकचं तेल बघायचा, पोळ्याच्या आठ दिवस आधीच बघितलं होतं. पंप जुना होता, आतलं रबर जुनं असणार, फाटलं असणार. बायको तर गेली, निदान पोरगी राहील, या एका आशेवर तो उभा होता.

रविवारी त्यानं नवा पंप आणला आणि घरापुढंच काम काढलं. गॅरेजात न्यायची सोय नव्हती. जीप बैल लावून ओढत आणलेली, पुढचा पत्रा आत गेलेला, पण इंजिन चालत होतं. त्यानं चाकांना दगड लावले, खाली पोतं अंथरलं आणि उताणा होऊन गाडीखाली सरकला. या जीपचा ब्रेकपंप ड्रायव्हरच्या पायाखाली, पत्र्याच्या बुडाला असतो. तेल टाकायचं तोंड वरून, पत्र्यातलं एक लहान झाकण उघडलं की दिसतं. आश्रुबा ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. तानू गोठ्यात मातीच्या बैलांशी खेळत होती.

दोन बोल्ट निघाले, पाइपाचं नट निघालं. पंप हातात आला आणि त्यातलं तेल चंद्रभानच्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरलं. ब्रेकच्या तेलाला दवाखान्यासारखा उग्र वास असतो. हा वास तसला नव्हता. हा वास त्याच्या स्वयंपाकघरातला होता, पिठल्याच्या फोडणीचा. त्यानं पडल्या पडल्याच पंप खोलला. आतलं रबर फाटलं होतं खरं, पण नुसतं फाटलं नव्हतं. रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगून, कडेला चिंध्या होऊन बसलं होतं. साधं तेल पडलं की ब्रेकचं रबर असंच फुगतं आणि मग एक दिवस सुटतं. गॅरेजातली पहिली अक्कल हीच असते.

करडीचं तेल इथं आलं कसं, हे त्याला कळेना. ते कोडं फार वेळ राहिलं नाही.

"नवा बसवायलास का रं?" आश्रुबानं ओट्यावरून विचारलं.

"व्हय, आबा."

"बसव. पर याला बी पोळ्याला पाजावं लागंल बरं का. जुन्याला औंदा म्या पाजलं होतं."

गाडीखाली पाना थांबला. "काय पाजलं होतं?"

"तेल रं. खांदेमळणीच्या दिवशी," म्हातारा खुशीत सांगायला लागला. "तू गेला होतास कोणाला तरी घेऊन, दुसऱ्याच्या गाडीवर डायव्हर म्हणून. गावात समदे आपापल्या बैलांचे खांदे मळायलेत, हळद-तूप लावायलेत, आन् आपल्या दारात हे मुकं जनावर तसंच उभं. मला बघवंना. म्हटलं, तुह्याच तर जिवावर घर चाललंय बाई. मग तिच्या खांद्याला, म्हणजे त्या पुढच्या पत्र्याला, हळद-तूप लावलं. कानात आवतन दिलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. कान कुठं आसतो तिला देव जाणे, म्या आपलं आरशापाशी सांगितलं. आन् वाटीभर करडीचं पाजलं, घाण्याचं, चांगलं. सूनबाईनंच वाटी भरून दिली. लय हसली ती. म्हणाली, मामंजी, तोंड कुठंय तिचं? म्या म्हटलं, मला ठावं हाय, चंदर पाजतो तिथंच. तूच म्हणला होतास न्हवं का, आबा, हिला बी तेल पाजावं लागतं, न्हाई तं ही थांबत न्हाई."

म्हणला होता. जीप नवी आली तेव्हा, बापाला बैलांची आठवण येऊ नये म्हणून, गमतीनं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसून म्हणतो. इथं हसायला कोणी उरलं नव्हतं.

चंद्रभान गाडीखाली पडून होता. छाताडावर पंप, हाताला तो वास. त्याला रडायचं होतं, पण ओट्यावर ऐकू गेलं असतं. त्याला बाहेर येऊन बापाच्या गळ्याला धरायचं होतं. आणि त्याच क्षणी त्याला दिसत होतं, की ज्या माणसानं उभ्या आयुष्यात बैलावर आसूड उचलला नाही, त्याला हे कळलं तर तो संध्याकाळपर्यंत विहीर जवळ करील.

"बोलंनास कामून?" म्हातारा म्हणाला. "काय चुकलं का?"

"न्हाई, आबा," चंद्रभान म्हणाला. "बरं केलं."

मग त्यानं काम पुरं केलं. पाइप धुतले, चारी चाकांची रबरं बदलली, नवा पंप चढवला. नव्या पंपातली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पायानं ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकाशी बसून हवेचा नट सैल करायचा. हे काम दरवेळी विमला करायची. आता आश्रुबा गाडीत चढून बसला, धोतर सावरून, अनवाणी. "दाबा," चंद्रभान म्हणायचा. "धरा. सोडा." म्हातारा जीव लावून दाबत होता. चौथं चाक झाल्यावर ब्रेक दगडासारखा घट्ट लागला आणि आश्रुबा म्हणाला, "आता कसं झाक झालं."

दिवस मावळायच्या आधी चंद्रभान शेताकडं गेला. तिथल्या बुजत आलेल्या विहिरीत त्यानं जुना पंप फेकला.

तुम्ही म्हणाल, पंप खराब होता असं सांगून मोकळं व्हायचं. पण तसं सांगायचं तर पंप दाखवावा लागला असता, आणि काशीनाथनं तो नुसता नाकाशी धरला असता तरी सगळं त्याच ओट्यावर, म्हाताऱ्यासमोर उघडं पडलं असतं. आणि खरं सांगितलं असतं, तर कस्तुराबाईनं पोरगी नेली नसती. कसूर जावयाचा नाही म्हणून ती उठून गेली असती. एका बाजूला बाप, एका बाजूला लेक. रात्रभर त्यानं काय केलं ते त्यालाच ठाऊक.

सोमवारी दोघं आले. चहा झाला. काशीनाथ म्हणाला, "दाजी, पंप कुठाय?"

"पंप बघायची गरज न्हाई," चंद्रभान म्हणाला. "पंप चांगला होता. तेल आटलं होतं. म्या बघितलं न्हाई."

काशीनाथनं मान खाली घातली. कस्तुराबाई पदर तोंडाला लावून रडली. आश्रुबाचं मात्र डोकं फिरलं. तो ओट्यावरून उतरला आणि त्यानं चार माणसांदेखत पोराच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

"तेल आटलं होतं?" म्हातारा ओरडला. "आरं, म्या स्वतः पाजलं होतं रं पोळ्याला. वाटीभर. कुठं सांडलंस? येवढं रोज हिंडतोस, येकडाव वाकून बघायला काय झालं होतं? मला सांगितलं आसतंस तं म्या आणखी टाकलं नसतं का?"

काशीनाथनं तेवढी एकदा वर नजर करून चंद्रभानकडं पाहिलं. त्याला कळलं असावं. पण त्यानं ते बोलून दाखवलं नाही, त्याचं भलं होवो.

तानूचे दोन फ्रॉक आणि विमलाचं एक लुगडं गाठोड्यात बांधलं. पोरीला वाटलं बाप जीपनं सोडणार. ती धावत जाऊन पुढच्या सीटवर बसली. कस्तुराबाईनं तिला उचलून खाली घेतलं आणि तिघं एसटीच्या थांब्याकडं गेले. चंद्रभान मागं गेला नाही. पोरगी वळून वळून बघेल आणि आपल्याच्यानं तोंड मिटून राहवणार नाही, याची त्याला भीती होती.

आश्रुबा त्यानंतर सात वर्षं जगला. पोराच्या हातचं खाल्लं, पण त्याच्याशी नीट बोलला नाही. पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, माह्या पोराच्या आळसानं लक्ष्मीसारखी सून गेली, नात गेली. चंद्रभान तिथून जात असला तर ऐकून घ्यायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. लोकांनी दुसरं लगीन कर म्हणून कितीदा सांगितलं, त्यानं केलं नाही.

त्र्याण्णव साली म्हातारा गेला. दहाव्याला कस्तुराबाई आली, सोबत तानू. बारा वर्षांची झाली होती, दोन वेण्या, विमलाचंच कपाळ. सात वर्षांत ती कधी बापाशी चार शब्द बोलली नव्हती. चंद्रभाननं मनाशी ठरवलं होतं. आता ज्याला जपायचं तो राहिला नाही. आज पोरीला खरं सांगायचं. ती परत येवो न येवो, निदान बापाकडं बघताना तिची नजर तरी खाली जाणार नाही.

पिंड झाले, माणसं पांगली. तानू आपणहून त्याच्याजवळ येऊन बसली.

"तानू," तो म्हणाला, "त्या पंपाचं तुला मी..."

"मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "आजीनं सांगितलंय. मला तुमचा लय राग यायचा. पण आजी म्हणते, दुसरा कोणी असता तर पंप खराब होता म्हणून सुटला असता, नाहीतर म्हाताऱ्या बापावर ढकलून मोकळा झाला असता. तुमी चार माणसांत खरं बोललात. शाळेत कोणी आई कशी गेली असं विचारलं, तर मी हे पण सांगते. माझे बाबा खोटं बोलत नाहीत म्हणून."

चंद्रभाननं तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"काय सांगणार होतात?" तिनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "जेवलीस का?"